उलटे सर आणि खाण्याचा नवस

आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना लग्नाला बोलवायचं म्हणजे यजमान दहादा विचार करायचा. आता तुम्ही म्हणाल, साधा मास्तर माणूस, तंबाखू नाही, मानपानाचा रुसवा नाही, त्याची कसली भीती? तर देवगाव फाट्याजवळच्या एका लग्नातलं ऐका. पंगत बसलेली. नवऱ्या मुलाचे मामा स्वतः मठ्ठा वाढत होते. सरांनी प्लास्टिकचा ग्लास पुढं केला, काठोकाठ भरून घेतला आणि सवयीनं उलटा केला. सगळा मठ्ठा मामांच्या कोऱ्या धोतरावर. मामा तोंड उघडायच्या आत सरच आनंदानं ओरडले, "पाच! पाच नंबर हाय!"

मामांना वाटलं, माणसाला ऊन लागलं. त्यांनी सरांच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला आणि सरांनी तो जेवण होईपर्यंत तसाच राहू दिला. म्हणाले, "गार वाटायलंय, कशाला काढा?"

प्लास्टिकच्या वस्तूखाली बारीक त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा असतो, हे तुमच्यापैकी किती जणांनी बघितलंय? आम्ही जिंतूरच्या त्या कॉलेजात शिकलेल्या सगळ्यांनी बघितलंय. कारण सर दिसेल ती वस्तू उलटी करायचे. डबा, बादली, कंगवा, शिपायाच्या पोराचं खेळण्यातलं बदक. दोन, तीन, चार, पाच, सहा यातला आकडा निघाला की चेहरा फुलायचा. "आपल्यातलं हाय!" एक निघाला की वस्तू दोन बोटांत धरून मुकाट खाली ठेवायचे. पाण्याच्या बाटल्या एक नंबरच्या असतात, म्हणून सर भर मे महिन्यात घसा कोरडा पडला तरी बाटलीचं पाणी प्यायचे नाहीत. "आपल्यातली न्हाई ती," म्हणायचे. साऱ्या तालुक्यात त्यांचं नावच पडलं होतं, उलटे सर. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच.

हे "आपल्यातलं" म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला मैदानावर शिकवलं. मी अकरावीत होते आणि खो-खोच्या संघात होते. सर संध्याकाळी आमचा सराव बघत बसायचे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एक दिवस आठ जणी ओळीत उकिडव्या बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, जसं खो-खोत बसतात तसं. सर एकदम उठले आणि पळत मैदानात आले. क्रीडाशिक्षकांना वाटलं, साप निघाला.

"हलू नका! कुणी हलू नका! अगं, तुमी सिंडिओटॅक्टिक बसल्यात!"

शीतल आमची कॅप्टन होती, जराशी रागीट. ती म्हणाली, "सर, आमी काय केलं न्हाई."

"केलं, केलं! एक इकडं, एक तिकडं, रेणूंची साखळी अशीच असती." मग तिथंच धुळीत बसून त्यांनी सगळा धडा शिकवला. म्हणे, एकेका रेणूनं स्वतःचेच दोन हात घट्ट धरलेले असतात. मग एक अस्वस्थ रेणू येतो, त्याला रॅडिकल म्हणायचं. खो मिळालेल्या पोरीसारखा. एकटा, उभा, कुणाला खो दिल्याशिवाय चैन नाही. तो शेजाऱ्याला शिवतो. शेजारी आपली हातांची गाठ सोडतो, एका हातानं ह्याला धरतो आणि दुसरा हात मोकळा करून पुढच्याकडं बघतो. असं करत हजार, लाख रेणू एका साखळीत, ह्या पुढं पुढं वाढत जाण्याला प्रोपॅगेशन म्हणायचं. "आणि ह्यात मजा काय?" सर आमच्या तोंडाकडं बघत म्हणाले. "ह्यात कुणी बाहेर फेकलं जात न्हाई. पाण्याचा एक थेंबसुद्धा न्हाई. जेवढे आले तेवढे सगळे आत. ह्याला म्हणायचं ॲडिशन. ती बाटलीवाली जात दोघांचं जमवताना तिसऱ्याला बाहेर ढकलती, म्हणून ती आपल्यातली न्हाई."

बारावीच्या परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा आमच्या संघातल्या एकीलाही अडला नाही. उत्तराच्या शेजारी शीतलनं म्हणे खो-खोचं मैदान काढलं होतं, दोन्ही खांबांसकट.

आता माझ्या पायाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्यात पहिला येणार असं सगळे म्हणत होते आणि मला तर पुढं विभागाच्या निवडीला जायचं होतं. दुसरं काही डोक्यातच नव्हतं. येलदरीजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं यायचं, कॉलेज करायचं, सराव करायचा, शेवटच्या गाडीनं परत. शीतलनं सगळ्यांना नवस बोलायला लावला होता. जिंकेपर्यंत सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. मी त्यात मंगळवारही घातला. कारण कुणीतरी म्हणालं होतं, "जरा जड झालीस गं, पळताना दिसतं." झालं! उरलेल्या तीन दिवशी मी अर्ध्या भाकरीवर उठायला लागले. आई ओरडायची, मी तिला कॉलेजात खाल्लं म्हणून सांगायचे. कॉलेजात मैत्रिणींना घरी खाल्लं म्हणून सांगायचे. अशी लबाड मी! आणि पाळी बंद होऊन आठ महिने झाले होते, त्याचं तर मला सुखच वाटत होतं. मॅचच्या दिवशी कटकट नाही, आणखी काय पाहिजे?

मग नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग चालताना, मग एसटीत उभं राहतानाही. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर संघाबाहेर बसवलं असतं. दात-ओठ खाऊन पळत होते.

ग्रंथालयाबाहेर चपला-बूट काढायची पद्धत होती. एके दिवशी मी बाहेर आले तर सर पायरीवर बसलेले आणि त्यांच्या मांडीवर माझे बूट, दोन्ही उलटे. तळव्याचा आकडा शोधत असणार, मला हसू आलं. पण सर हसत नव्हते.

"हे कुणाचे?"

"माझे, सर."

"डावा बूट पार झिजलाय आणि उजव्याची टाच कोरी हाय. तू एका पायावर चालायलीस. कवाधरनं?"

मी म्हटलं, काही नाही सर, बूटच तसले आहेत. सरांनी बूट खाली ठेवले आणि म्हणाले, "उजव्या पायावर एक उडी मार बरं." मी उडी मारली आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागले. इतक्या दिवसांत कुणाला कळलं नव्हतं, आईला नाही, क्रीडाशिक्षकांना नाही, ते ह्या बाबाला बूट उलटा करून कळलं!

गावाजवळ काढलेल्या पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही. घरात लगेच बोलणी सुरू. आत्या म्हणाली, अभ्यासाचा कंटाळा. दादा म्हणाला, नाटकं. आईसुद्धा बिचारी गोंधळली. ती घरी चौकशीला आलेल्या सरांना म्हणाली, "सर, फोटूत तर काय न्हाई. पोरगी खोटं तर न्हाई बोलायली?"

"ताई, रेणू तरी कुठं दिसतो? पंचवीस वर्षं झाली शिकवायलो, मी एकदाबी बघितला न्हाई. म्हणून काय न्हाईच हाय का तो?" सर म्हणाले. आईनं सरळ लुगड्याची पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं परभणीला निघालो.

परभणीच्या डॉक्टरीणबाई हाडांच्या. बारीक चणीच्या आणि आवाज मात्र हवालदाराचा. त्यांनी नडगीवर बोट दाबलं, मी किंचाळले. मग त्यांनी विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

खोलीत सर बसलेले! मी मान खाली घातली, आईनं पदर तोंडाला लावला. सर उठले, खुर्ची आडवी पाडली आणि दाराकडं निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही मास्तर ना? मग बसा. ह्या पोरींच्या घरी मी येणार नाही, तुम्ही रोज त्यांच्यासमोर असता. ऐकून घ्या." सर परत येऊन बसले. कान लाल झाले होते, पण खिशातून वही काढली आणि लिहायला लागले. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला जन्मभर मानते.

बाईंनी सांगितलं ते असं. पळणाऱ्या पोरीच्या हाडाला रोज बारीक बारीक इजा होते आणि रोज ती भरून निघते. पण भरून निघायला अन्न लागतं. पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर काटकसर करतं आणि आधी पाळी बंद करतं. पाळीबरोबर हाडं सांभाळणारं जे हार्मोन असतं तेही कमी होतं. मग इजा होत राहते आणि भरण थांबतं. शेवटी हाडाला तडा जातो, तो केसासारखा बारीक असतो आणि सुरुवातीला फोटोत दिसतही नाही. "पोरीनं नाटक केलेलं नाही, आई," त्या म्हणाल्या. "पोरीनं उपास केलाय."

आई तिथंच रडली. मला जवळ ओढलं आणि पाठीत एक धपाटाही घातला. दोन्ही एकदमच.

"मी परत खेळणार का?" मी विचारलं. दुसरं काही विचारायचं मला सुचलंच नाही.

"आठ आठवडे पळायचं नाही. पोटभर खाल्लंस आणि पाळी सुरू झाली तर खेळशील. नाही खाल्लंस तर पुढचा तडा मोठा जाईल, मग माझ्याकडंसुद्धा उत्तर नाही."

मला गुडघ्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा बूट दिला. आई रडतेय, मी रडतेय, आणि सरांनी तो बूट घेतला आणि उलटा केला. "पाच नंबर!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "ताई, रडू नका, बूट आपल्यातला हाय!" डॉक्टरीणबाई आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावले. एक्स-रेची फिल्म मात्र सरांनी कोपऱ्याला धरून माझ्याकडं दिली. "ही पॉलिएस्टर. बाटलीच्याच जातीची. आपल्यातली न्हाई."

क्रीडाशिक्षकांनी माझं नाव यादीतून काढायला घेतलं. त्यांचंही चूक नव्हतं, खेळाडू पाहिजेच ना. सर मैदानात आले आणि म्हणाले, "खेळायला दुसरी घ्या, पण हिला ओळीतून काढू नका. आमच्यात कुणी बाहेर पडत न्हाई." मग रोज खांबाजवळ एक खुर्ची यायची आणि मी बूट घालून तिच्यावर बसायचे. शीतल जाता-येता मला खो द्यायची आणि मी बसल्या जागी "खो" ओरडायचे.

तिसऱ्या आठवड्यात बघते तर काय, संघच ढेपाळलेला. एक चक्कर येऊन खाली बसली, दुसरीचे पाय लटपटायला लागले. सरांनी विचारलं, "काय गं, जेवल्या न्हाईत का?"

शीतल मोठ्या अभिमानानं म्हणाली, "सर, आमी हिच्या पायासाठी नवस बोललोय. पाय बरा होईस्तोवर सोमवार, गुरुवार, शनिवार कडक. पाणीबी न्हाई."

सर मटकन खालीच बसले. आधी त्यांना हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग दोन्ही आलं. "अगं बयांनो," ते म्हणाले, "हिचा पाय ज्यानं मोडला, तेच औषध तुमी हिच्यासाठी घ्यायल्यात! आता आठ बूट कुठून आणू मी?"

मला तर काय करावं कळेना. माझ्यासाठी त्या उपाशी राहत होत्या, ह्याचा आनंद पण होत होता आणि लाजही वाटत होती. मी म्हटलं, सोडा गं. पण नवस कोण सोडतंय? शीतल म्हणाली, "देवी कोपली आणि हिचा पाय वाकडा झाला म्हंजे? जिम्मेदारी कुणाची?" केमिस्ट्रीच्या पुस्तकात नवसावर धडा नाही.

पण सरांनी पोरींची समजूत घालत बसण्यापेक्षा वेगळंच केलं. आम्हाला सगळ्यांना घेऊन गावाबाहेरच्या देवीच्या देवळात गेले, मला मोपेडवर मागं बसवून. तिथं पूजा करणारी गुरवीणबाई झाडत होती. सरांनी चपला काढल्या, हात जोडले आणि अगदी परीक्षेला बसल्यासारखं विचारलं, "मावशी, एक विचारायचं हाय. नवस बोलताना न्हाई खाणार असंच बोलावं लागतं का? खाणार असा नवस चालतो का?"

गुरवीणबाईनं झाडू थांबवला. आठ सुकलेल्या पोरी आणि एक बूटवाली बघितली. म्हणाली, "का बरं न चालावं? लोक देवीची परडी भरत्यात का रिकामी ठेवत्यात?"

"जरा मोठ्यानं सांगा."

"भरत्यात!" ती ओरडली. "उपाशी लेकरं बघून देवीला बरं वाटतंय व्हय? खावा गं मुकाट्यानं."

मग तिथंच, देवीसमोर, शीतलनं नवस बदलला. सोमवार, गुरुवार, शनिवार प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा, सगळा एका परातीत घालायचा आणि परात रिकामी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. उठली तिला देवी बघून घेईल. सरांनी वर जोडून दिलं, "काढायचं काही न्हाई, भर घालायची फक्त. ॲडिशन!"

आणि काय सांगू, काय त्या परातीची ऐट! ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी, दह्याचं मडकं, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली अंडी. मी गुरुवारी येलदरीच्या धरणातली बारीक मासळी आणायचे, काट्यासकट कुरकुरीत तळलेली. सर पक्के शाकाहारी. ते म्हणायचे, "तुमी खावा, मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसतो," आणि तिथून किती उरलं त्यावर नजर ठेवायचे. एकीच्या आईनं पोरीला हाडं बळकट व्हावीत म्हणून पानाचा चुना चाटायला दिला होता. सरांनी ती डबी उलटी केली, आकडा बघितला, आपल्यातली निघाली, तरीही जप्त केली. "डबी आपली, चुना भिंतीचा," म्हणाले. "दही खा."

आठ आठवड्यांनी परत परभणी. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी ह्या वेळी मान वर करून "हो" म्हटलं. खिडकीबाहेर बघत बसलेल्या सरांनी एकदम टाळी वाजवली. मग सरांनी बाईंना परातीची हकीकत सांगितली, तोवर नवीन एक्स-रे आला. नडगीवर एका जागी पांढरा उंचवटा होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. बाई म्हणाल्या, "हे नवीन हाड. हे तुझ्या परातीतून आलंय." मी तो उंचवटा बघतच राहिले. सरांनी फिल्म मागून घेतली, "वर्गात दाखवायला पाहिजे," म्हणाले. मी दिली आणि विसरून गेले.

त्या वर्षीची स्पर्धा माझ्याविना झाली आणि आमचा संघ दुसरा आला. पुढच्या वर्षी परभणीच्या मैदानावर मी ओळीत बसले तेव्हा डोक्यात एकच होतं. पाय टिकेल का? एवढंच. शीतल मागून आली, पाठीला हात लागला, "खो!" मी उठले आणि सुटले. पहिली दहा पावलं मी फक्त नडगीचं ऐकत होते. नडगी गप्प होती. अकराव्या पावलाला मी विसरले की मला नडगी आहे. बाहेरून सर गळा फाडून ओरडत होते, "प्रोपॅगेशन! प्रोपॅगेशन!" पंचांनी दोनदा ताकीद दिली, समोरच्या संघाला वाटलं आमची काहीतरी गुप्त खूण आहे. त्या गोंधळात त्यांच्या दोघी बाद झाल्या, हे मी आजवर कबूल केलेलं नाही. आम्ही जिंकलो. नवसाच्या वाराची वाट न बघता मैदानातच परात निघाली.

आता मीच शाळेत खेळ शिकवते. माझ्या पोरी सोमवारी खाण्याचा नवस करतात. त्यांना वाटतं, ही देवीची जुनीच रीत आहे. मीही तसंच वाटू देते.

सर निवृत्त होऊन परभणीला रेल्वेलाइनजवळ राहतात. मागच्या महिन्यात संघाला घेऊन त्यांच्याकडं गेले. दार उघडलं तेच म्हणाले, "जेवल्या का?" मग एकेकीची बाटली उलटी केली आणि सगळ्या बाटल्या एक नंबरच्या म्हणून दाराबाहेर ओळीनं ठेवल्या. काकूंनी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. काकू म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्या घरात एक नंबरची वस्तू येऊ दिली न्हाई यांनी. पाहुण्याची साडी पॉलिएस्टरची असली तरी तोंड वाकडं."

मी हसत हसत खिडकीकडं बघितलं आणि तशीच थांबले. खिडकीच्या काचेवर, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली, माझी फिल्म होती. बाहेरून ऊन येत होतं आणि जोंधळ्याएवढा तो दाणा लखलखत होता.

"सर," मी म्हटलं, "हे पॉलिएस्टर हाय. आपल्यातलं न्हाई."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग फिल्मकडं.

"फिल्म नसंल," ते म्हणाले, "हाड आपल्यातलं हाय."